आधी ओटी, मग नोटीस

द्वारकेतल्या त्या सोसायटीत वैजयंतीबाई ताम्हणे यांचे तीन फ्लॅट होते. एकात त्या आणि यजमान श्यामकांतराव राहत, उरलेले दोन भाड्याने दिलेले. दिल्लीच्या मानाने ही काही फार मोठी मिळकत नव्हे. पण नोकरीची सगळी वर्षं त्यांनी लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, भिंतीत खिळा ठोकायचा तरी कुणाला विचारायचं या विवंचनेत काढली होती. अशा बाईला तीन किल्ल्यांचा जुडगा मिरवावासा वाटला, तर त्यात तिचं चुकलं असं कोण म्हणेल? त्या जुडगा पर्समध्ये ठेवत. चालताना पर्स वाजे, आणि ती वाजावी अशाच त्या चालत.

भाड्याचा कारभार त्या एकहाती चालवत. दलालाला फुकटचे पैसे मोजणं त्यांच्या पचनी पडत नसे. फ्लॅट रिकामा होणार असं दिसलं की मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिरात पडे. दुसरी जाहिरात कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनातल्या ओळखीच्या माणसाकडे तोंडी पोचे, कारण महाराष्ट्रातून बदली होऊन आलेला माणूस पहिल्या आठवड्यात तिकडे फिरकतोच. फोटो त्या स्वतः काढत. आधी फरशी पुसून घ्यायची आणि ओली असतानाच फोटो काढायचा, म्हणजे ती चकाकते. कोपऱ्यात उकिडवं बसून काढायचा, म्हणजे खोली मोठी दिसते. त्या वेळी श्यामकांतराव पडदा धरून उभे राहत आणि फोटोत आपलं पोट येत नाही ना, एवढंच विचारत. पाचव्या मजल्यावरच्या बेडरूमच्या भिंतीवर ओलीचा डाग होता, तिथे कपाट ओढलं जाई. जाहिरातीत खोटं असं काही नसे. ‘मेट्रो पाच मिनिटांवर’ हे श्यामकांतरावांचे गुडघे धड होते तेव्हाचं माप होतं, इतकंच.

पण भाडेकरू आणणं सोपं असतं. खरी कला त्याला घालवण्यात. दिल्लीत भाडेकरू घरात गेला की त्याला बाहेर काढता काढता मालकाचे केस पांढरे होतात, हे त्यांनी शेजारीपाजारी पाहिलं होतं. कुणी कोर्टात गेलं होतं, कुणी वीज तोडून पाहिली होती. वैजयंतीबाईंना यातलं काही कधी करावं लागलं नाही. त्यांची स्वतःची एक पद्धत होती.

फ्लॅट परत हवा झाला की त्या कापडी पिशवी भरत. तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड, एखादं फळ आणि पुण्याहून गठ्ठ्याने आणून ठेवलेल्या खणांतला वरचा खण. मग दुपारच्या निवांत वेळी जाऊन भाडेकरणीची ओटी भरत. ओटी भरून झाली, ती वाकून नमस्कार करून उठली, की मग शांतपणे सांगत, “अगं, या महिनाअखेरीला फ्लॅट लागणारे.” ओढणीत नारळ-तांदूळ घेऊन उभ्या असलेल्या बाईला भांडता येत नाही, हे त्यांनी पडताळून पाहिलेलं होतं. बाई गोड बोलून, उलट चार जणींना ‘काकू किती मायेच्या’ असं सांगत जाई, आणि त्यातूनच पुढची भाडेकरीण मिळे. भाडेकरू बॅचलर असला तर नारळ आणि पंचा. “लोक नोकराला काढताना नारळ दिला असं नुसतं म्हणतात,” श्यामकांतराव म्हणत, “तू खरंच देतेस.” यावर वैजयंतीबाई हसत नसत. माणसाला रिकाम्या हाताने घराबाहेर काढू नये, असं त्यांना मनापासून वाटे. आणि त्यात आपली सोय होत असेल तर ती काय नाकारायची?

आता पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटची पाळी आली होती. तिथे कृतिका आणि गौरव राहत. गौरव विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये होता. कृतिका नांदेडची, यूपीएससी करायला दिल्लीला आलेली. परीक्षेने हात दिला नाही, म्हणून ती आता घरी बसून एका क्लाससाठी नोट्स तयार करायची. भाडं वेळेवर, तक्रार नाही, गॅलरीत तुळस. वैजयंतीबाईंच्या कारकिर्दीतले हे उत्तम भाडेकरू होते. पण उत्तम भाडेकरूपेक्षाही उत्तम असं एक गिऱ्हाईक असतं, ते म्हणजे कंपनी. मंडळातल्या सुहासिनीबाईंचा मुलगा अंशुमन विमान कंपन्यांच्या क्रूसाठी द्वारकेत फ्लॅट घेत होता. भाडं चढं, करार लांबचा, रंगरंगोटी त्यांची. सुहासिनीबाईंच्या घरी, चार जणांसमोर, पुरणपोळी खाता खाता वैजयंतीबाईंनी शब्द दिला. कृतिकाचा अकरा महिन्यांचा करार संपतच आला होता. नव्याने न करणं एवढंच काय ते करायचं होतं.

म्हणून बुधवारी दुपारी पिशवी भरून त्या पाचव्या मजल्यावर गेल्या.

दार कृतिकाने उघडलं. चेहरा ओढल्यासारखा होता, केस कसेबसे बांधलेले. तिची नजर पिशवीवर गेली आणि तिथे जरा जास्तच वेळ राहिली. भाजी आणली असं वाटलं असेल पोरीला, असं मनाशी म्हणत वैजयंतीबाई आत शिरल्या. सवयीने घर पाहून घेतलं. फरशा ठीक, नळ गळत नाही, बैठकीचा रंग अजून दोन वर्षं सहज काढेल.

“बस इथे,” त्यांनी खुर्ची वळवली. “पूर्वेकडे तोंड कर.”

“आज काय, काकू?”

“काही नाही गं. मनात आलं.”

कृतिका मुकाट्याने बसली. वैजयंतीबाईंनी हळद-कुंकू लावलं. कुंकू लावताना पोरीचं कपाळ गार लागलं. तिने ओढणी पसरली, त्यात त्यांनी तांदूळ घातले, नारळ ठेवला, वर हिरवा खण ठेवला. आता ही वाकेल, उठेल, मग सांगायचं, असा हिशेब करत त्या पाऊलभर मागे सरकल्या. पण कृतिका उठलीच नाही. ओटीकडे बघत तशीच बसली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“काकू, तुम्हाला कसं कळलं?”

वैजयंतीबाई चपापल्या. अंशुमनची बातमी फुटली की काय? “काय कसं कळलं?”

“आम्ही कुणालाच सांगितलेलं नाही. तिसराच चालू आहे.” तिने ओढणीच्या टोकाने नाक पुसलं. “मागच्या वेळी सगळ्या नांदेडभर झालं होतं, आणि मग राहिलंच नाही. म्हणून या वेळी सासूबाईंनासुद्धा बोललो नाही. आई असती तर तिनेच भरली असती ना चोरओटी? मला वाटलं होतं, या वेळी कुणीच भरणार नाही.”

वैजयंतीबाईंच्या तोंडात नोटीस तयार होती. ती तिथेच राहिली. तिसऱ्या महिन्यात कुणाला न कळवता भरतात ती चोरओटी. ती आईने भरायची, नाहीतर आईच्या जागी असलेल्या बाईने. खणही नेमका हिरवा. गठ्ठ्यात तो सगळ्यात वर होता यात त्यांचा काय दोष? पण भरली होती खरी. आणि भरलेली ओटी परत घेता येत नाही. तशी सोय कुठल्याच करारात नसते.

“कळतं बाई,” त्या म्हणाल्या. “माझ्या वयाला आलीस की तुलाही कळेल.” मग पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून त्या जिन्याने खाली आल्या. लिफ्ट समोर उभी होती, तिचं त्यांना भानच राहिलं नाही.

घरी श्यामकांतराव पेपरमागून म्हणाले, “सांगितलंस?”

“नाही. झोपली होती ती.”

श्यामकांतरावांनी पेपर खाली केला आणि रिकाम्या पिशवीकडे पाहिलं. “मग ओटी कुणाची भरलीस?”

“सेक्टरच्या देवळातल्या देवीची,” वैजयंतीबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. चोरओटी नवऱ्यालाही सांगायची नसते. त्यांच्या इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्यापासून लपवलेल्या गोष्टी फार नव्हत्या, आणि ज्या होत्या त्या साड्यांबद्दल होत्या.

तिथून त्यांची पंचाईत सुरू झाली. अंशुमन शनिवारी फ्लॅट बघायला येणार होता. नको येऊस म्हणावं, तर कारण सांगावं लागणार. कारण सांगावं, तर चोरओटी चोरओटी राहत नाही. सुहासिनीबाईंच्या कानावर गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत नोएडा गाठते. बरं, कारण न सांगता शब्द मोडावा, तर चार जणांसमोर दिलेला. दुसरीकडे ती पोर. या दिवसांत तिने सामान बांधायचं, जिने चढउतार करत नवी घरं बघायची, पुन्हा तसंच काही झालं तर? वैजयंतीबाईंना भीती वाटली. आपल्या हातून काहीतरी होईल अशी साधी भीती. त्या दोन दिवस नीट जेवल्या नाहीत, आणि श्यामकांतरावांनी त्याचं खापर देवळातल्या देवीवर फोडलं.

शुक्रवारी त्यांना मार्ग सुचला. आपण नाही म्हणायचंच नाही, अंशुमननेच नाही म्हणायचं. फ्लॅट चांगला कसा दाखवायचा हे ज्याला येतं, त्याला वाईट दाखवायला किती वेळ लागणार? त्यांनी कृतिकाला फोन केला, “उद्या सोसायटीच्या कामाचा एक माणूस घर बघायला येईल. तू आत पडून राहा, मी असेन बरोबर.”

शनिवारी अंशुमन आला. तिशीचा, गोरागोमटा, हातात दोन फोन. त्याचा जन्म दिल्लीतला, त्यामुळे मराठी बोलताना तो अधूनमधून पायरी चुकल्यासारखा थांबे.

“मस्त व्हेंटिलेशन आहे यार काकू!”

“व्हेंटिलेशन कसलं, धूळ येते,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “सकाळी पुसलं की दुपारी बोटाने नाव लिहून घ्यावं. आणि विमानांचा आवाज. पहाटेपासून डोक्यावरून जातात.”

“अच्छा.”

“मेट्रो पाच मिनिटं लिहिलंय मी, पण पंधरा धर. मे महिन्यात पाण्याचा टँकर मागवावा लागतो. लिफ्ट आठवड्यातून एकदा तरी रुसते.” मग त्यांनी शेवटचा बाण काढला. बेडरूमच्या दाराशी टकटक करून त्या आत गेल्या. कृतिका पलंगावर टेकून बसली होती. तिच्याकडे न बघता त्यांनी कपाट बाजूला ढकललं. “आणि ही ओल बघ.”

“ओल म्हणजे?”

“सीलन रे, सीलन! वरच्यांच्या बाथरूममधून येते. इतकी वर्षं कपाटामागे लपवत आले.”

आतापर्यंत एकाही भाडेकरूला न सांगितलेलं सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. दम लागला, पण बरंही वाटलं. अंशुमन डागाकडे बघत उभा राहिला. बैठकीत परत आल्यावर त्याने दोन्ही फोन खिशात टाकले.

“काकू, मी या महिन्यात एवढे फ्लॅट पाहिले. सगळे ओनर म्हणतात, एकदम फर्स्ट क्लास, आणि शिफ्ट झालं की एकेक निघतं. इतकं खरं बोलणारं तुमच्याशिवाय कुणी भेटलंच नाही. क्रूला विमानांचा आवाज तर दिवसभर असतोच, त्यांना कॅब घ्यायला येते, मेट्रोचं काय! सीलन आमचा माणूस ठीक करेल. डन. बिल्कुल डन.”

वैजयंतीबाई सोफ्यावर बसल्या. खोटी जाहिरात करून जे गिऱ्हाईक मिळवायला महिना लागायचा, ते खरं बोलून पाव तासात गळ्यात पडलं होतं. हसावं की रडावं ते त्यांना कळेना.

“नाही देणार मी फ्लॅट,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे? रेटचा प्रॉब्लेम आहे का? थोडा वाढवतो ना.”

“रेट नाही.”

“मग टेनंट? पण ते तर महिनाअखेर जाणारच होते ना? तुम्हीच आईला म्हणालात, तुम्ही त्यांना सांगणार होतात.”

आत पलंग करकरला. वैजयंतीबाईंनी बेडरूमच्या उघड्या दाराकडे पाहिलं नाही.

“ते कुठेही जाणार नाहीत,” त्या म्हणाल्या. “आईला सांग, वैजयंतीने शब्द मोडला. कारण विचारलं, सांगितलं नाही म्हणावं.”

अंशुमन मुलगा चांगला होता, त्याने वाद घातला नाही. चलो काकू, म्हणून गेला. पण जाताना त्याने चप्पल घालायला जो वेळ घेतला, त्यातच वैजयंतीबाईंना संक्रांतीचं हळदीकुंकू दिसलं. सुहासिनीबाईंचा ताठ चेहरा दिसला, आणि मंडळाला वर्षभर पुरेल असा विषयही दिसला. इतक्या वर्षांत कमावलेलं नाव पाव तासात गेलं होतं. त्यांना वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं.

कृतिका दारात येऊन उभी राहिली. वैजयंतीबाई तिला समजावायला तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, “काकू, मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“पिशवीचं. आमच्या आधी इथे वैभवी राहायची ना, तिने किल्ली देताना मला सांगितलं होतं. काकू दुपारच्या पिशवी घेऊन आल्या की सामान बांधायला घे. आधी ओटी, मग नोटीस.” ती खाली बघत होती. “बुधवारी दार उघडलं आणि पिशवी दिसली. मला वाटलं, तुम्ही बोलायच्या आत आपण बोलावं. तुम्हाला कसं कळलं, हे मी मुद्दाम विचारलं. तुम्हाला काहीच कळलेलं नव्हतं, हे मला कळत होतं.”

वैजयंतीबाईंना आधी संताप आला. आपलीच युक्ती आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीवर बसून, कालच्या पोरीने आपल्यावर चालवावी! यापायी शब्द मोडला, तोंड काळं झालं, नवऱ्याशी खोटं बोलले, आणि इकडे ही...

“म्हणजे रडलीस ते नाटक?”

“नाही.” कृतिका पटकन म्हणाली. “ओटी भरून होण्याआधीच बोलायचं ठरवलं होतं मी. पण तुम्ही कुंकू लावलंत आणि मला बोलताच येईना. आईचीच आठवण आली. रडायचं ठरवलेलं नव्हतं, काकू.”

खाली भाजीवाल्याची हाक ऐकू येत होती. वैजयंतीबाईंनी पर्स मांडीवर ओढून घेतली. राग होताच, तो जात नव्हता. पण आपण भरलेली ओटी त्या पोरीला खरी वाटली होती, आणि त्याचं सुख रागाला जुमानत नव्हतं. या दोन्हींचं एकत्र काय करायचं हे त्यांना कळेना, म्हणून त्या व्यवहाराचं बोलल्या.

“करार पुन्हा अकरा महिन्यांचा करू. भाडं दरवर्षीसारखं वाढेल. एक रुपया कमी होणार नाही.”

“हो, काकू.”

त्या उठल्या. दाराकडे जाताना स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्यांना तो नारळ दिसला. तांदळाच्या वाटीत बसवलेला, बाजूला हिरवा खण घडी करून ठेवलेला. बुधवारपासून तो तसाच होता.

“हा अजून फोडला नाहीस? ओटीचा नारळ ठेवून देत नाहीत, गोड करून खायचा असतो. तुला माहीत नाही?”

“माहीत आहे,” कृतिका म्हणाली. “पण कुठला नारळ आहे ते कळल्याशिवाय कसा फोडू? जायचा, की राहायचा?”

वैजयंतीबाईंनी पर्स ओट्यावर ठेवली. किल्ल्या वाजल्या.

“बत्ता दे,” त्या म्हणाल्या. “तू हात लावू नकोस, या दिवसांत नारळ फोडत नाहीत.”

तिसऱ्या घावाला नारळ फुटला. त्यांनी पाणी भांड्यात धरलं, गाळलं आणि कृतिकाच्या हातात दिलं. ती पीत असताना त्या बेडरूमच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि बाजूला सरकवलेल्या कपाटामागची भिंत बघत राहिल्या.

“गौरवला सांग, ही ओल मी याच महिन्यात काढून घेते,” त्या म्हणाल्या. “बाळाच्या खोलीला दमट भिंत चालत नाही.”